शर्यत लावताय? आधी सगळ्यांची मोटर एक करा

रिमोटच्या विमानांची शर्यत म्हटली की पोरं पहिल्यांदा मोठी मोटर बघतात. तिथंच खिसा फाटतो आणि धोकाही वाढतो: वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट. म्हणून सगळ्यांनी एकच मोटर, एकाच मापाचा पंखा आणि तीन सेलची बॅटरी ठरवून घ्यावी. मग पैसा नाही, हात जिंकतो. सांगाडा फलकांच्या पन्हाळी प्लास्टिक शीटचा चालतो. आपटलं तरी टेपनं सांधता येतो. (निवडणुकीनंतर असे फलक कुणी विचारत नाही.)

घरीच एक तपासणी करा. पंखा काढून ठेवा, विमान चालू करा, थोडा थ्रॉटल द्या, म्हणजे मोटर फिरू लागेल, आणि हातातला रिमोट बंद करा. मोटर थांबलीच पाहिजे. नाही थांबली तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर बंद करणारी सोय) लावल्याशिवाय उडवू नका. पंखा न काढता हे करायला गेलो होतो. अंगठ्यावरचा व्रण अजून आहे.

बेळगाव, खानापूरकडं भात कापल्यावर शिवार मोकळं होतं, पण मसूर पेरायच्या आत आणि मालकाला विचारूनच उतरा. सांबऱ्याच्या विमानतळाकडची बाजू मात्र सोडाच. ड्रोन नियम 2021 च्या नकाशात तुमची जागा हिरव्या भागात, म्हणजे परवानगी न घेता उडवता येतं अशा भागात, आहे का, ते बघून घ्या. उडवणारे एका रेषेत, बघे त्यांच्या बरेच मागे, आणि विमानं कायम समोरच्या बाजूलाच वळवायची. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी वापरात नसताना सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवली तर जास्त टिकते. फुगलेली असेल तर चार्जिंगला लावू नका, कितीही महाग असली तरी.