ट्यूनर कार्ड घ्यायच्या आधी गच्चीवर एक चक्कर मारून या

घरी एक जुना कॉम्प्युटर पडून होता, त्यात सॅटेलाइट ट्यूनर कार्ड (छत्रीवरचे चॅनल कॉम्प्युटरवर बघायला आणि रेकॉर्ड करायला लागतं ते) टाकायचं, आईला सह्याद्रीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करून द्यायचे, तिला स्वयंपाक उरकून सवडीने बघता यावेत, एवढाच माझा बेत होता. हौसेने चार ट्यूनरवालं कार्ड मागवलं. कार्ड आलं, बसवलं, आणि मागे बघतो तर चार भोकं आणि गच्चीवरून खाली आलेली वायर एक! पुढचे सहा महिने तीन ट्यूनर फुकट बसून होते. चूक माझीच, पण तुम्ही करू नका म्हणून लिहितोय.

आधी हे ठरवा की रेकॉर्ड काय करायचंय. टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही वगैरेंची छत्री घरावर असेल तर ती वायर कार्डात लावून चॅनल दिसतील असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं होत नाही, कारण सिग्नल लॉक केलेला असतो आणि त्याची किल्ली त्यांच्याच बॉक्समध्ये असते. कार्डावर सीआय स्लॉट (लॉक उघडणारं कार्ड घालायची खाच) आहे म्हणून जास्त पैसे मोजायच्या फंदात तर अजिबात पडू नका, इथे घरी वापरायला त्याचा उपयोग होईल असं मला तरी वाटत नाही. आपल्या कामाची म्हणजे दूरदर्शनची फ्री डिश, २००४ साली डीडी डायरेक्ट प्लस नावाने आली होती तीच, आता जीसॅट-१५ वरून येते, ९३.५ अंश पूर्वेला. सह्याद्री त्यावर आहेच. यातले काही चॅनल जुन्या एमपेग-२ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये येतात आणि काही एमपेग-४ मध्ये, नव्या डीव्हीबी-एस२ पद्धतीच्या सिग्नलवर, त्यामुळे कार्ड डीव्हीबी-एस२ चंच घ्या, नुसतं डीव्हीबी-एस लिहिलेलं कितीही स्वस्त मिळालं तरी नको. एस२एक्स, मल्टीस्ट्रीम असली मोठी मोठी नावं बॉक्सवर असतात, आपल्याला घरी त्याचं काही काम नाही.

आता वायरींचं बघू, खरी मेख इथे आहे. छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी (सिग्नल पकडून वायरीत सोडणारा डबा) असतो त्याला कार्ड वायरीतूनच करंट देतं, १३ व्होल्ट दिले की व्हर्टिकल चॅनल, १८ दिले की हॉरिझॉन्टल, आणि वरचा बँड (वरच्या फ्रीक्वेन्सींचा पट्टा) पाहिजे असेल तर २२ किलोहर्ट्झचा टोन. म्हणजे एका वायरीवर एका वेळी एकच पोलॅरिटी (व्हर्टिकल किंवा हॉरिझॉन्टल) आणि एकच बँड मिळणार. आमचा डिशवाला म्हणाला, "साहेब, स्प्लिटर टाकतो, एकाच वायरीत काम होऊन जाईल." होतं, नाही असं नाही, पण दोन्ही ट्यूनरला लागणारे चॅनल एकाच पोलॅरिटीचे आणि एकाच बँडचे असतील तरच, नाहीतर एक ट्यूनर १३ मागतो, दुसरा १८, आणि आईची मालिका मधेच काळी पडते. नीट करायचं असेल तर जितके ट्यूनर तितक्या आउटपुटचा एलएनबी घ्या, ट्विन किंवा क्वाड, आणि तितक्याच आरजी-६ वायरी खाली आणा. सोसायटीत चार वायरी डक्टमधून सोडायच्या म्हणजे आधी चेअरमनना विचारा, आमच्याकडे दोनपुरतीच परवानगी मिळाली! तेवढंही जमत नसेल तर युनिकेबल एलएनबी असतो, त्यात एकाच वायरीवर प्रत्येक ट्यूनरला वेगळी फ्रीक्वेन्सी वाटून दिलेली असते, पण मग कार्ड आणि सॉफ्टवेअर दोघांनाही युनिकेबल कळायला हवं, ते घ्यायच्या आधी बघून घ्या.

पण चार ट्यूनर लागतात का मुळात? नाही हो. एका ट्रान्सपाँडरवर (सॅटेलाइटवरून येणाऱ्या एका फ्रीक्वेन्सीवर) बरेच चॅनल एकत्र येतात आणि एक ट्यूनर तो अख्खा गठ्ठा पकडतो, त्यातले दोन काय नि चार काय, एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात. दुसरा ट्यूनर लागतो तो दुसऱ्या ट्रान्सपाँडरवरचं काही त्याच वेळेला पाहिजे असेल तेव्हाच. चार माणसांच्या घराला दोन ट्यूनर पुरतात, माझं स्पष्ट मत आहे.

छत्रीचा हिशोब पण सांगून टाकतो. पुण्यातून ९३.५ अंशाकडे बघायचं तर दिशा उत्तरेपासून साधारण १३२ अंश, म्हणजे जवळपास आग्नेय (वास्तूवाल्यांचं स्वयंपाकघर जिकडे असतं तिकडे), आणि क्षितिजापासून वर साधारण ५९ अंश. एवढं वर असल्यामुळे समोरच्या बिल्डिंगचा फार त्रास होत नाही, ती १० मीटरवर असेल तर छत्रीपेक्षा १६ मीटर तरी उंच हवी, तेव्हा कुठे ती आड येते. डीटीएचची छत्री ऑफसेट असते, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती दिसायला इतकी वर बघत नाही, ते बघून गोंधळू नका. सॉफ्टवेअरमध्ये फ्रीक्वेन्सी टाकताना एलएनबीचा प्रकार बरोबर निवडा, युनिव्हर्सलला ९७५० आणि १०६००, म्हणजे खालच्या आणि वरच्या बँडमधून एलएनबी जे मेगाहर्ट्झ वजा करतो ते. समजा ११०९० चा ट्रान्सपाँडर आहे, तर त्यातून ९७५० वजा होऊन वायरीतून १३४० मेगाहर्ट्झ खाली येतात. एलएनबीचा प्रकार चुकीचा टाकला की सिग्नल दणदणीत असूनसुद्धा स्कॅनमध्ये शून्य चॅनल, मी यात एक अख्खा रविवार घालवलाय.

कॉम्प्युटर उघडून आत बघा. हल्लीची कार्ड पीसीआय एक्सप्रेस एक्स१ ची असतात, ती मोठ्या स्लॉटमध्येही बसतात. जुनी साधी पीसीआयवाली सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतात पण नव्या मदरबोर्डवर तो स्लॉटच नसतो. ऑफिसमधून निघालेला बारका डेस्कटॉप घेतला असेल तर लो प्रोफाइल म्हणजे आखूड पट्टी लागते, ती बॉक्समध्ये आहे का ते विचारा. काही कार्डांना एलएनबीसाठी पॉवर सप्लायची वेगळी वायर लावावी लागते, ती विसरलात तर कार्ड दिसतं पण सिग्नल येत नाही, आणि मग लोक बिचाऱ्या छत्रीला शिव्या घालतात.

पुण्यात तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, फिरलात तर आरजी-६, कनेक्टर, क्वाड एलएनबी सगळं मिळेल, पण कार्ड मागितलं की कोणीतरी हमखास रिमोटवाला जुना टीव्ही ट्यूनर काढून दाखवतो. तो अ‍ॅनालॉग केबलचा. ऑनलाइन जे पेनड्राइव्हएवढे डोंगल दिसतात ते बहुतेक डीव्हीबी-टी म्हणजे जमिनीवरच्या टॉवरचे. दोन्ही आपल्या कामाचे नाहीत.

लिनक्स वापरत असाल तर ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आधीपासून आहे का हे कंपनीच्या नावापेक्षा महत्त्वाचं. डीव्हीबीस्कायचं एस९५२, डिजिटल डिव्हायसेसचं सिने एस२ ही त्यातली. टीबीएसची कार्ड भरपूर मिळतात, दोन ट्यूनरचं ६९०२, चारचं ६९०४, पण त्यांचा ड्रायव्हर वेगळा बिल्ड करावा लागतो आणि कर्नल अपडेट झाला की परत करावा लागतो, तेवढी तयारी असेल तर खुशाल घ्या. वर टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका, ब्राउझरमध्ये ९९८१ पोर्टवर उघडतं, आणि टीव्हीवर बघायला कोडी नावाचा प्लेअर. विंडोजवाल्यांना नेक्स्टपीव्हीआर आहे. लॅपटॉप असेल तर यूएसबी बॉक्स घ्या, यूएसबी २ सुद्धा पुरतं. सॅट-आयपी बॉक्स (छत्रीचा सिग्नल नेटवर्कवर सोडणारा) छत्रीजवळ ठेवून खाली नुसती नेटवर्क केबल आणायची ही आयडिया मला फार आवडते, पण गच्चीवर कोरडी जागा आणि प्लग पाहिजे.

प्रोसेसरची चिंता करू नका, रेकॉर्डिंग म्हणजे आलेला डेटा जसाच्या तसा डिस्कवर लिहिणं. ४ मेगाबिटचं चॅनल असेल तर तासाला १.८ जीबी, करा हिशोब. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, म्हणून बायोसमध्ये लाईट आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग केलंय. कार्यक्रम वेळेवर सुरू होतीलच असं नाही, तेव्हा आधी ५ आणि नंतर १५ मिनिटं जास्तीची ठेवा, नाहीतर शेवटचा सीन गेला म्हणून बोलणी बसतात.

पावसाचं मात्र कोणतंच कार्ड काही करू शकत नाही, सिग्नल केयू बँडमध्ये, म्हणजे पावसाने अडणाऱ्या उंच फ्रीक्वेन्सीत येतो, धो धो पडला की सिग्नल जाणारच. पण साधी रिपरिप असतानाही जात असेल तर ९० टक्के एलएनबीच्या कनेक्टरात पाणी गेलंय असं समजा. मेच्या शेवटी वर जाऊन तिथे रबर टेप घट्ट गुंडाळा, आणि वायरीला कनेक्टरच्या खाली एक लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं.