आय-१३० पेंडिंग असताना मी काय काय उरकून घेतलं

नवरा अमेरिकन सिटिझन, मी नाशिकला, त्याने बायकोच्या ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज म्हणजे आय-१३० यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) पेंडिंग, तिथे आपल्या हातात काहीच नसतं म्हणून मी पुढच्या एनव्हीसी (नॅशनल व्हिसा सेंटर, जिथे व्हिसाचे कागद तपासतात) स्टेजचे कागद जमवायला घेतले. सगळ्यात जास्त वेळ जन्मदाखल्याने खाल्ला, त्यावर माझं नावच नव्हतं, मग शाळा सोडल्याचा दाखला वगैरे देऊन महापालिकेतून नाव टाकून घेतलं, हे खरंच आधी करा. लग्नाचं सर्टिफिकेट, फोटो स्कॅन केले. लहानपणीचं लसीकरण कार्ड आईने जपून ठेवलेलं, इतकं बरं वाटलं, व्हिसाच्या मेडिकलला लसींचं रेकॉर्ड बघतात ना. पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) मात्र मुद्दाम उशिरा काढलं, ते २ वर्षंच चालतं. मेडिकल करायचं ते व्हिसा इंटरव्ह्यूची तारीख आल्यावरच, आणि अमेरिकन कॉन्सुलेटच्या पॅनलवरच्या डॉक्टरांकडेच.