डिस्क इमेज माउंट होताना उपकरणाचा आकार कमी भरत असेल तर काय करावे

लिनक्सवर इमेज फाइल (डिस्कची हुबेहूब नक्कल) माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडताना, ‘चुकीचा फाइलसिस्टम प्रकार, चुकीचा पर्याय किंवा खराब सुपरब्लॉक’ अशी संदिग्ध सूचना आली, की बहुतेक सल्लागार लगेच ईटूएफएससीके (फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारे साधन) चालवायला सांगतात. हा सल्ला आधी बाजूला ठेवावा. आकाराचा हिशेब जुळत नसताना चालवलेली दुरुस्ती शाबूत फाइलसिस्टमचीही मोडतोड करू शकते, आणि मूळ डिस्क हाताशी नसेल तर ते नुकसान भरून निघत नाही.

इमेजची प्रत काढावी आणि पुढचे सगळे काम त्या प्रतीवरच करावे.

खरे कारण माउंटच्या सूचनेत नसते, ते कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत असते. ती नोंद दाखवणारी डीमेसेज ही आज्ञा चालवून शेवटच्या ओळी वाचाव्यात. फाइलसिस्टम ईएक्सटी४ प्रकारची असेल तर तेथे ‘बॅड जिऑमेट्री’ या शब्दांपुढे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा सुपरब्लॉकनुसार (फाइलसिस्टमचा आकार नोंदवणाऱ्या भागानुसार) असलेल्या ब्लॉकांचा आणि दुसरा उपकरणात प्रत्यक्ष मावणाऱ्या ब्लॉकांचा असतो. समजा, पहिला २६२१४४ आणि दुसरा २६१८८८ आहे. ब्लॉकचा आकार फाइलसिस्टमची माहिती दाखवणाऱ्या डम्पईटूएफएसने खात्री करून घ्यावा. तो बहुधा ४०९६ बाइट असतो.

यापुढचा टप्पा बहुतेक मार्गदर्शक एका ओळीत उरकतात. मलाही सुरुवातीला सर्वांत जास्त त्रास याच टप्प्याने दिला. दोन आकड्यांमधला फरक बाइटमध्ये काढावा आणि तो नेमका कशाएवढा आहे, हे ओळखल्याशिवाय पुढची एकही आज्ञा देऊ नये. वरच्या उदाहरणात २५६ ब्लॉक कमी आहेत, म्हणजे १०४८५७६ बाइट, म्हणजेच ५१२ बाइटचे बरोबर २०४८ सेक्टर. आता एफडिस्कने डिस्कच्या विभागांची (पार्टिशनांची) यादी पाहिली, तर पहिला विभागही नेमका २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होताना दिसेल. हा योगायोग नाही. इमेज काढणाऱ्याने डीडी या नक्कल करणाऱ्या आज्ञेला विभागाच्या सेक्टरांची संख्या, म्हणजे २०९७१५२, दिली. पण नक्कल मात्र डिस्कच्या आरंभापासून केली. त्यामुळे सुरुवातीची मोकळी जागा मोजणीत आली आणि तेवढेच शेपूट कापले गेले. विभागाचा शेवटचा सेक्टर २०९९१९९ असेल आणि मोजणी शून्यापासून होत असेल, तर नकलेला २०९९२०० सेक्टर लागतात. तो एक अधिकचा सेक्टर विसरणारेही पुष्कळ भेटतात.

मूळ डिस्क उपलब्ध असेल तर दुरुस्तीच्या फंदात न पडता इमेज पुन्हा काढावी. याबाबत माझे मत ठाम आहे.

फरक असा ओळखू येत नसेल, तर लूप उपकरणाकडे (इमेज फाइल डिस्क म्हणून दाखवणाऱ्या उपकरणाकडे) पाहावे. ऑफसेट (विभाग फाइलमध्ये कोठून सुरू होतो तो आकडा) हातानेच दिला असेल, तर तो सेक्टरमध्ये नसून बाइटमध्ये द्यायचा असतो, म्हणजे २०४८ ला ५१२ ने गुणून १०४८५७६. साइझलिमिट (उपकरणाच्या आकाराची मर्यादा) दिली असेल तर ती काढून पाहावी, कारण उपकरण फाइलसिस्टमपेक्षा मोठे असल्याने माउंट अडत नाही, लहान असल्याने अडते. हा गुणाकार टाळायचा असल्यास लूप उपकरण जोडणाऱ्या लोसेटअपला विभाग शोधण्याचा पर्याय द्यावा आणि त्याबरोबर केवळ वाचनाचा पर्यायही जोडावा.

विभागच दिसत नसतील किंवा त्यांचे आकार आठपटीने चुकत असतील, तर दोष सेक्टरच्या आकारात असतो. काही बाह्य डिस्क-पेट्या संगणकाला ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात, आणि अशा पेटीत विभागलेल्या डिस्कच्या विभागतक्त्यातील आकडे त्याच मापात असतात. लोसेटअपला सेक्टरचा आकार ४०९६ सांगितला की प्रश्न मिटतो.

शेपूट खरोखरच हरवले असेल आणि मूळ डिस्कही नसेल, तरच प्रतीला हात लावावा. ट्रंकेटने फाइल हिशेबाने निघालेल्या पूर्ण आकाराएवढी वाढवावी. हरवलेल्या भागाच्या जागी शून्ये वाचली जातील. त्यानंतर केवळ वाचनासाठी आणि जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) न चालवता माउंट करून हवा तो मजकूर आधी बाहेर काढावा. जी फाइल हरवलेल्या भागात होती, तिचा तेवढा तुकडा परत येणार नाही, आणि ती वरवर नीट उघडली तरी तिच्यावर विसंबू नये. ईटूएफएससीकेची पाळी यानंतर येते, आणि तीही आधी काहीही न बदलणाऱ्या तपासणीच्या पर्यायासह. आकार न जुळता ते चालवल्यास ते स्वतःच सुपरब्लॉक किंवा विभागतक्ता बिघडल्याची शंका घेऊन थांबायचे का असे विचारते. त्या प्रश्नाला होकार द्यावा. फाइलसिस्टम ‘बसवून घेण्यासाठी’ आधी रिसाइझटूएफएस (फाइलसिस्टमचा आकार बदलणारे साधन) चालवा, असे सांगणाऱ्यांचे मुळीच ऐकू नये. आकार कमी करण्यासाठी त्याला आधी निर्दोष तपासणी लागते, आणि ती टाळण्याचा सक्तीचा पर्याय अशा वेळी वापरणे धोक्याचे आहे.

जीपीटी या विभागतक्त्याच्या पद्धतीच्या इमेजमध्ये तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. शेपूट कापले गेले की तीही जाते, आणि तक्त्याने सांगितलेली वापरायची हद्द उपकरणाबाहेर गेल्यामुळे कर्नेल मूळ प्रतही नाकारतो. फाइल पूर्ण आकाराची केल्यावर जीपीटी तक्ता हाताळणाऱ्या एसजीडिस्कने शेवटची प्रत पुन्हा लिहून घ्यावी.

लूप उपकरण जोडलेले असतानाच फाइल वाढवली असेल, तर उपकरण जुनाच आकार धरून बसते. ते सोडवून पुन्हा जोडावे किंवा लोसेटअपला क्षमता नव्याने वाचायला सांगावे.