जखमेच्या शेजारचं पुस्तक

गेली एकवीस वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. दरवर्षी आठवी ते दहावीतली दोन-चार मुलं अशी असतातच, की ज्यांच्या घरातलं कुणीतरी गेलेलं असतं, आईवडिलांचं बिनसलेलं असतं, किंवा कुणावर तरी जीव जडलेला असतो आणि ते सांगायला जागा नसते. मग वर्गशिक्षक माझ्याकडे येतात, "बाई, त्याला काहीतरी वाचायला द्या." काय द्यायचं आणि कसं द्यायचं, हे मी चुका करत शिकले. तुमच्या घरात, वर्गात किंवा शेजारी असं मूल असेल, तर हे तुमच्यासाठी.

आधी माझी चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नववीतल्या एका मुलीचा धाकटा भाऊ तापाने गेला. मला लगेच 'कोसला' आठवली. भालचंद्र नेमाड्यांच्या १९६३ साली आलेल्या त्या कादंबरीत पांडुरंग सांगवीकर या नायकाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, आणि मराठीत भावंडाच्या मरणाबद्दल त्याहून खरं मी काही वाचलेलं नव्हतं. मी पुस्तक त्या मुलीला दिलं आणि वर म्हणाले, "यात तुझ्यासारखंच झालंय बघ." दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधीच पुस्तक माझ्या टेबलावर होतं. त्या वर्षी ती पुन्हा ग्रंथालयात आली नाही. 'कोसला' आजही मला तितकीच प्रिय आहे, पण ती सतरा-अठराव्या वर्षानंतरची. शिवाय "तुझ्यासारखंच" हा शब्द मी पुन्हा कधी उच्चारला नाही.

तेव्हापासून एक धरून ठेवलंय: जखमेवर नेमकं बोट ठेवणारं पुस्तक आधी देऊ नका, तिच्या शेजारचं द्या.

म्हणजे काय, ते एका मुलावरून सांगते. वडील अपघातात गेले आणि तेरावा झाल्यावर तो शाळेत आला. डोक्याचा गोटा, वर निळी टोपी. वर्गात टोपी काढावी लागेल म्हणून मधल्या सुट्टीत आणि ऑफ तासाला माझ्याकडे येऊन बसायचा, खिडकीजवळच्या नकाशांच्या कपाटाशी. सगळे त्याच्याशी दबक्या आवाजात बोलत होते. मी त्याला मिलिंद बोकीलांची 'शाळा' दिली. २००४ साली आलेली, आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची गोष्ट. मुकुंद जोशी, त्याचे मित्र, बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीतला त्यांचा अड्डा, आणि त्याला आवडणारी शिरोडकर. बापाचं मरण त्यात नाही. त्या पोराला त्या महिन्यात पुन्हा नववीतला साधा मुलगा व्हायचं होतं, आणि त्या पुस्तकात ते होता येत होतं. तिसऱ्या दिवशी त्याला मी हसताना ऐकलं. डोक्यावर केस आले, सहामाही झाली, आणि मग एके दिवशी त्यानेच विचारलं, "बाई, कुणी गेल्यावरचं एखादं आहे का?" तोवर थांबायचं असतं. काही मुलं कधीच विचारत नाहीत, आणि तेही ठीक आहे.

आता देण्याची पद्धत. आमच्याकडे देवघेवीची वही वर्गातली दोन मुलं लिहितात, म्हणजे कुणी काय नेलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. म्हणून अशी पुस्तकं मी माझ्या स्वतःच्या प्रतींतून देते, खाकी कव्हर घालून, वहीत नोंद न करता. घरी देत असाल तर दप्तराशेजारी ठेवून द्या. हातात देऊन समोर उभं राहू नका. मुदत सांगू नका. "किती वाचलंस? कसं वाटलं?" हे तर अजिबात विचारू नका, त्या वयात तो प्रश्न परीक्षेसारखा लागतो.

पुस्तक तुम्ही स्वतः आधी शेवटपर्यंत वाचलेलं हवं. मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचून देऊ नका. आणि त्यात मरण असेल तर आधीच सांगून टाका: "यात मध्यावर एकजण जातो. नको वाटलं तर तिथे थांब." गोष्टीतली उत्सुकता जाईल ही भीती मोठ्यांना असते. घरात एकदा अचानक फोन आलेला असतो, त्या मुलांना पुन्हा अचानक काही नको असतं.

आईवडिलांच्या भांडणात आजोळी राहायला आलेल्या मुलांसाठी माझ्याकडे लंपन आहे. प्रकाश नारायण संतांची 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही चार पुस्तकं. खरं तर या कथा आहेत, कादंबरी नव्हे, पण ओळीने वाचल्या की एका मुलाचं सगळं वाढणं दिसतं. आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या भागात आजी-आजोबांच्या घरी राहणारा हा मुलगा. संत स्वतः आजोळी दत्तक गेले होते, पुढे कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवत. आमच्या भागातले म्हणून मुलांना हे सांगितलं की ती पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने बघतात. यातली भाषा कानडी वळणाची आहे, पहिल्या दोन पानांत मुलं अडखळतात आणि ठेवून देतात. म्हणून ती दोन पानं मी मोठ्याने वाचून दाखवते. एकदा सूर कानात बसला की पुढे माझी गरज उरत नाही.

आईवडिलांचा खटला चालू असलेली एक आठवीतली मुलगी 'वनवास' घेऊन गेली होती. लंपनला आकड्यांची सवय आहे. किती वेळा, किती हजार, असं त्याचं मनात सतत चालू असतं. आठवड्याने ती पुस्तक छातीशी धरून आली आणि एवढंच म्हणाली, "बाई, हा पण मोजतो." एसटी स्टँडपासून आजीच्या घरापर्यंत ती विजेचे खांब मोजत जायची, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, "किती आहेत?" "एक्केचाळीस. एक वाकडाय." त्यापलीकडे आम्ही काही बोललो नाही.

पहिल्या प्रेमाच्या बाबतीत मुलांपेक्षा पालकांना सांभाळावं लागतं. एक आई 'शाळा' घेऊन तणतणत आली होती, "हे असलं का देता मुलींना?" मी वाद घातला नाही. म्हटलं, "ताई, तुम्ही आठ दिवस ठेवा, वाचा, मग आपण बोलू." दहाव्या दिवशी पुस्तक मुलीच्याच दप्तरातून आलं. पालकांना पुस्तक वाचायला देणं हा मला सापडलेला सगळ्यात सोपा मार्ग आहे. मुलांना मात्र "हे वय अभ्यासाचं" हे पुस्तकासोबत ऐकवू नका; मग ती पुस्तक घेतात आणि तुमच्यापासून लपवून वाचतात.

एका मुलाची आई दोन वर्षं कॅन्सरने आजारी होती, मग गेली. त्याने स्वतः विचारल्यावर मी पॅट्रिक नेस यांची 'अ मॉन्स्टर कॉल्स' निवडली. मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. २००७ साली ती स्वतः कॅन्सरने गेली, आणि नेस यांनी पूर्ण केलेलं पुस्तक २०११ साली आलं. ते इंग्रजीत, म्हणून मोठ्या सुट्टीत मी थोडं थोडं मराठीत सांगत गेले. त्यातल्या मुलाला शेवटी कबूल करावं लागतं, की हे सगळं एकदाचं संपावं असं त्याला वाटत होतं. लांबलेल्या आजारपणानंतर घरोघरी हेच मनात असतं आणि कुणी तोंडातून काढत नाही. त्या पानाशी आल्यावर त्याने पुस्तकावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाई, घंटा झाली." घंटा झालेली नव्हती. मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून आला आणि तिथूनच पुढे सांगा म्हणाला.

पुस्तक कुठे पुरत नाही, हेही ओळखता आलं पाहिजे. मूल खाणं सोडतं, आवडीच्या वस्तू वाटून टाकतं, जगण्यात अर्थ नाही असं बोलतं किंवा वहीत लिहितं, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी घरच्यांशी व डॉक्टरांशी बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हे दोन्ही नंबर मी कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवलेत, पुस्तक काढताना दिसतील असे.

आणि पुस्तक परत आलं नाही तर मागू नका. 'शाळा'च्या माझ्या तीन प्रती अशा गेल्या. चौथी जूनमध्ये आणली, तिला अजून कव्हर घालायचंय.