कमी खर्चातला पहिला गेमिंग संगणक : सुटे भाग कसे निवडावेत

‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, गेमिंग पीसी, फक्त वीस हजार’ अशी जाहिरात ऑनलाइन बाजारात हमखास दिसते. ती पाहून हात पुढे करण्यापूर्वी तो आय७ कोणत्या पिढीचा आहे, एवढे विचारावे. बहुतेकदा उत्तर दुसरी किंवा तिसरी पिढी असे मिळते; म्हणजे २०११-१२ सालचा आय७-२६०० किंवा आय७-३७७०, आणि सोबत २०१४ साली आलेले जीटी ७३० हे ग्राफिक्स कार्ड, जे नवे असतानाही मोठ्या गेमसाठी अपुरेच होते. विंडोज ११ साठी अधिकृतपणे मान्य असलेल्या इंटेल प्रोसेसरांची यादी, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आणि व्हॅलोरंटसारखा लोकप्रिय गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० व सिक्युअर बूट या संगणकातील सुरक्षेच्या दोन सोयींशिवाय सुरूच होत नाही. असा जुना संच घेण्यापेक्षा आणखी काही महिने पैसे साठवावेत आणि सुटे भाग स्वतः निवडून संगणक जोडावा, हे कधीही श्रेयस्कर.

पुढील विवेचन मॉनिटरसह साठ ते ऐंशी हजार रुपये खर्च करू शकणाऱ्या वाचकासाठी आहे. भागांचे भाव महिन्यागणिक हलतात, म्हणून येथे रुपयांच्या आकड्यांपेक्षा निवडीच्या क्रमावर भर दिला आहे. बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात आणि उरलेल्या पैशात ग्राफिक्स कार्ड बसवू पाहतात. क्रम याच्या उलट हवा : आधी मॉनिटर, मग ग्राफिक्स कार्ड, आणि त्या दोघांना साजेसे बाकी सारे.

आधी मॉनिटर ठरवावा

ग्राफिक्स कार्डाला किती काम पडणार, हे मॉनिटर ठरवतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, २५६० × १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख, आणि ‘फोर-के’ पडद्यावर पहिल्याच्या नेमके चौपट. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रात, हे सारे बिंदू कार्डालाच रंगवावे लागतात. या खर्चात २४ इंची, १०८० पी (म्हणजे १९२० × १०८०), आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी रंग नीट दाखवणारा पडदा) आणि १४४ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा) असलेला मॉनिटर घ्यावा. घरातला जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर तूर्त तोच वापरून वाचलेले पैसे कार्डात घालणेही योग्य; मॉनिटर नंतर बदलता येतो आणि त्यासाठी कॅबिनेट उघडावेही लागत नाही.

आपण कोणते गेम खेळणार, हेही याच वेळी प्रामाणिकपणे लिहून काढावे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हे गेम प्रोसेसरवर अधिक भार टाकतात आणि मध्यम कार्डावरही वेगाने चालतात. मोठ्या खुल्या जगाचे, कथाप्रधान गेम मात्र ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या मेमरीची कसोटी पाहतात.

ग्राफिक्स कार्ड : सर्वांत मोठा वाटा येथे

मॉनिटर वगळून उरलेल्या रकमेतील ३५ ते ४० टक्के रक्कम ग्राफिक्स कार्डासाठी राखून ठेवावी. १०८० पी साठी ८ जीबी मेमरी ही आजची किमान मर्यादा मानावी. ४ जीबीची नवी कार्डे कितीही स्वस्त वाटली तरी ती टाळावीत. खर्च अगदी आवळायचा असेल तर २०२१ साली आलेले आरएक्स ६६०० अजूनही विचारात घेण्याजोगे आहे. त्याच्या वर आरटीएक्स ४०६० आणि २०२५ मध्ये आलेले आरटीएक्स ५०६० ही ८ जीबीची कार्डे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये आलेले इंटेलचे आर्क बी५८० याच टप्प्यात १२ जीबी मेमरी देते. मात्र ते रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय असलेल्या मदरबोर्डावरच बसवावे, आणि जुन्या किंवा मध्यम प्रोसेसरबरोबर काही गेममध्ये ते आपला पूर्ण वेग दाखवू शकत नाही, हे घेण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

नावांच्या बाबतीत सावध राहावे. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १२ जीबीमध्ये येते आणि ८ जीबीमध्येही, पण दुसऱ्या प्रकारात केवळ मेमरी कमी नाही, तर मेमरीकडे जाणारा मार्गही अरुंद आहे. खोक्यावरचे नाव मात्र तेच. याउलट, एकाच चिपवर बनलेल्या दोन पंख्यांच्या साध्या कार्डात आणि तीन पंख्यांच्या झगमगत्या कार्डात वेगाचा फरक नगण्य असतो. त्या झगमगाटाचे हजारो रुपये वाचवून ज्या कंपनीचे सेवा केंद्र आपल्या शहरात किंवा जवळपास आहे, तिचे साधे कार्ड घ्यावे.

जुने कार्ड घेण्यात गैर काही नाही, पण ते चालू संगणकात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या कार्डाचे बायोस (भागात साठवलेला मूळ प्रोग्राम) बदलून ते नव्या नावाने विकण्याचे प्रकार घडतात. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडल्यास अशी बरीच बनवाबनवी उघडी पडते. निदान वीस मिनिटे एखादा जड गेम चालवून पंख्यांचा आवाज, तापमान आणि पडद्यावर उमटणारे वेडेवाकडे ठिपके यांकडे लक्ष द्यावे.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड : जोडीनेच निवडावेत

या खर्चाच्या संगणकाला सहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे) आणि बारा थ्रेडचा (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) प्रोसेसर पुरतो. एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ हे दोन्ही २०२२ सालचे असूनही आजच्या मध्यम कार्डांना नीट साथ देतात. दोन्हींसोबत खोक्यात येणारा पंखा पुरेसा आहे, त्यामुळे वेगळा कूलर घेण्याची गरज नाही. थोडी सवड असेल तर एएम५ सॉकेटवरचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरील प्रोसेसर बसवण्याची जागा) रायझन ५ ७६०० घ्यावा. या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले असल्याने काही वर्षांनी बोर्ड न बदलता नवा प्रोसेसर बसवण्याची वाट मोकळी राहते. रायझन ५ ५६०० ज्यावर बसतो त्या एएम४ सॉकेटची वाट आता जवळपास संपली आहे. मात्र एएम५ वर डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅमच चालते आणि २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव जगभर चढले आहेत. त्यामुळे दोन्ही संचांची बेरीज प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकत्र धरूनच करावी.

इंटेलच्या नावाअखेरीस ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसते. रायझन ५ ५६०० मध्येही ते नसते. ५६००जी मध्ये असते. कार्डासाठी पैसे सहा महिन्यांनी मिळणार असतील, तर तोवर ५६००जी वर हलके गेम खेळता येतात. पण त्यात कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद) मेमरी १६ एमबी म्हणजे ५६०० च्या निम्मी आहे आणि पीसीआय एक्स्प्रेस हा कार्ड जोडण्याचा मार्गही तिसऱ्या पिढीचा आहे, त्यामुळे पुढे कार्ड लावल्यावर तो थोडा मागे पडतो. ही तडजोड समजूनउमजून करावी.

बोर्डाच्या बाबतीत एक अट कधीही सोडू नये : तो बोर्ड नेमका आपला प्रोसेसर स्वीकारतो का, हे कंपनीच्या संकेतस्थळावरील यादीत पाहावे आणि त्यासाठी बायोसची कोणती आवृत्ती लागते तेही नोंदवावे. दुकानात बरेच दिवस पडून असलेल्या बी४५० बोर्डात जुने बायोस असेल, तर ५६०० बसवूनही पडदा काळाच राहतो. दुकानदाराकडून बायोस अद्ययावत करून घ्यावे किंवा प्रोसेसरशिवाय बायोस बदलण्याची सोय असलेला बोर्ड निवडावा. आय५-१२४००एफ ज्यावर बसतो त्या इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. एच६१० बोर्ड स्वस्त पडतो, पण त्यात रॅमच्या दोनच जागा असतात. एएमडीसाठी बी५५०, इंटेलसाठी बी६६० किंवा बी७६० हा मधला मार्ग बरा. ओव्हरक्लॉकिंगसाठीचे (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्यासाठीचे) महागडे बोर्ड आपल्या कामाचे नाहीत.

रॅम आणि एसएसडी

एकूण १६ जीबी रॅम हवी आणि ती ८ जीबीच्या दोन काड्यांत हवी, कारण दोन काड्या लावल्यावर प्रोसेसरला मेमरीचे दोन मार्ग मिळतात. चार जागा असलेल्या बोर्डावर त्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत बसवतात. डीडीआर४ असेल तर ३२००, डीडीआर५ असेल तर ६००० च्या आसपासचा वेग पाहावा. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमच्या वेगाची सेटिंग सुरू केल्याशिवाय हा छापील वेग मिळत नाही.

एसएसडी १ टीबीची, एनव्हीएमई (बोर्डावर थेट बसणाऱ्या, जलद) प्रकारची घ्यावी. आज एकेक मोठा गेम १०० जीबीहून अधिक जागा सहज खातो. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीतील फरक गेम खेळताना क्वचितच जाणवतो.

एसएमपीएस : येथे कंजुषी नको

सगळ्यांत जास्त चुकीचा निर्णय सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या या भागाबाबत होतो, कारण त्याने गेमचा वेग एका फ्रेमनेही वाढत नाही. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा किंवा हजार रुपयांच्या आतला ‘४५० वॉट’चा एसएमपीएस साध्या कार्यालयीन संगणकासाठी ठीक असेल, ग्राफिक्स कार्डासाठी तो वापरू नये. छापील वॉटवर विश्वास न ठेवता बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्या आकड्याला १२ ने गुणावे. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही प्रामुख्याने याच रांगेवर चालतात. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर तेथे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॉट. स्वस्त एसएमपीएसवर हा गुणाकार छापील आकड्याच्या बराच खाली येतो.

गरजेचा हिशेब सोपा आहे. आरटीएक्स ४०६० ची मर्यादा ११५ वॉट, आरएक्स ६६०० ची १३२ आणि आर्क बी५८० ची १९०. प्रोसेसरसाठी ९० ते १२० आणि बोर्ड, एसएसडी, पंखे यांसाठी ५० वॉट धरले तरी बेरीज साडेतीनशेच्या आसपास थांबते. तेव्हा नामांकित कंपनीचा ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा आणि शक्यतो पाच वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस पुरेसा आहे. ८० प्लस ही खूण वीज किती वाया जाते एवढेच सांगते. शॉर्टसर्किट किंवा अतिभारापासूनच्या संरक्षणाची ती हमी नव्हे, म्हणून कंपनी आणि वॉरंटी पाहणे आवश्यक. कार्डासाठी आठ पिनची वायर एसएमपीएसमधूनच निघायला हवी. जुन्या मोलेक्स (चार पिनांच्या) जोडणीवर अडॅप्टर लावून ती गरज भागवणे धोक्याचे आहे.

याच्याशी निगडित एक घरगुती बाब म्हणजे अर्थिंग. जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण तिसरी वायर आत कुठेच जोडलेली नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. वीज वारंवार जात असेल तर यूपीएसही हिशेबात धरावा. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, त्यामुळे मॉनिटरसह गेमिंग संगणकासाठी १००० व्हीएचा अधिक सुरक्षित.

कॅबिनेट

दर्शनी भाग काचेचा नको, जाळीचा हवा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांवर जाते, तेव्हा बंद तोंडाच्या कॅबिनेटमध्ये कार्ड स्वतःच वेग कमी करून घेते. पुढून हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक, एवढे पुरे. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये तपासून ती कॅबिनेटच्या मर्यादेत बसते ना, हे पाहून घ्यावे. रंगीत दिव्यांवर उरलेच तर पैसे घालावेत.

खरेदी करताना

यादी तयार झाल्यावर किमान तीन ठिकाणी भाव विचारावेत. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली या संगणकाच्या बाजारांना पर्याय आहेत, कारण ऑनलाइन दुकाने आता सर्वत्र माल पोचवतात. तरी सगळे भाग एकाच दुकानातून घेतल्यास घासाघीस करायला वाव मिळतो आणि काही बिघडल्यास ‘दोष दुसऱ्याच्या भागात आहे’ हे उत्तर ऐकावे लागत नाही. सांगितलेल्या भावात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हे स्पष्ट विचारावे. बिल नसेल तर थोडी सूट देऊ, असे कोणी म्हटले तर नाही म्हणावे, कारण वॉरंटीचा दावा करताना बिल मागितले जाते. परदेशातून नातेवाइकांकरवी कार्ड मागवायचे असेल तर त्याची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी त्या कंपनीलाच विचारावे.

विंडोजचा परवाना, कीबोर्ड, माउस आणि हेडफोन यांचाही खर्च सुरुवातीलाच मांडावा. लिनक्स मोफत आहे आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले पुष्कळ गेम त्यावर चालतात; पण व्हॅलोरंट खेळायचा असेल तर विंडोजला पर्याय नाही.

प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि तो खोक्यावरील तसेच प्रत्यक्ष भागावरील क्रमांकाशी जुळवून पाहावा. पार्सल उघडताना सुरुवातीपासून चित्रीकरण करावे. दुकानदार बदलून देण्यासाठी जी मुदत देतो, तिच्या आतच सर्व भाग एकदा जोडून चालवून पाहावेत. म्हणूनच कार्ड आज आणि बोर्ड पुढच्या महिन्यात, अशी तुकड्यातुकड्यांनी खरेदी करू नये. मुदत उलटल्यावर सदोष निघालेला भाग दुकानात बदलून मिळत नाही, तो सेवा केंद्रात पाठवावा लागतो आणि तेथून परत येण्यास काही आठवडेही लागू शकतात.