कॉलेजसाठी डेस्कटॉप की लॅपटॉप? असं ठरवा

कॉलेजचा प्रवेश पक्का झाला की घरात पुढचा विषय निघतो तो कॉम्प्युटरचा. आणि चर्चा बहुतेक वेळा भलत्याच टोकापासून सुरू होते: प्रोसेसर कुठला, रॅम किती, कंपनी कोणती. हे सगळं बघायचंच आहे, पण नंतर. आधी ठरवायचं ते एवढंच, की पुढची तीन-चार वर्षं तुमचं काम नेमकं कुठे बसून होणार आहे. वर्गात, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, गटातल्या कुणाच्या तरी खोलीवर, की स्वतःच्या टेबलाशी? याचं उत्तर मिळालं की निम्मा निर्णय झाला.

पायरी १: आठवडा कागदावर मांडा

कॉलेजचं वेळापत्रक घ्या. नसेल तर आदल्या वर्षीचं एखाद्या सीनियरकडून मिळवा. प्रत्येक तासापुढे लिहा, की त्या वेळी कॉम्प्युटर समोर असायलाच हवा का, असला तर बरं, की अजिबात नको. ‘असायलाच हवा’च्या खुणा कॉलेजच्या आवारात जास्त पडल्या तर लॅपटॉप घ्यायचा. सगळ्या खुणा संध्याकाळनंतर आणि घरच्या टेबलावर पडल्या तर डेस्कटॉपचा विचार गंभीरपणे करा.

हे लिहिताना दोन गोष्टी बऱ्याचदा निसटतात. पहिली, गटाने करायचे प्रोजेक्ट. चौघं एका टेबलाभोवती बसतात तेव्हा ज्याच्याकडे मशीन नाही त्याच्या वाट्याला नुसतं बघत बसणं येतं. दुसरी गोष्ट म्हणजे राहण्याची जागा. होस्टेल किंवा भाड्याची खोली दर वर्षी बदलणार असेल, तर कॅबिनेट, मॉनिटर आणि वायरींचा पसारा दर वेळी खोक्यात भरायचा आहे, हे आधीच धरून चाला.

वर्गात टिपणं काढायला लॅपटॉप लागतोच, या कारणाला मात्र फार किंमत देऊ नका. वही-पेन उत्तम चालतं. गणित किंवा रसायनशास्त्राच्या तासाला तर कीबोर्डपेक्षा कागदच वेगवान, कारण समीकरणं आणि रचनासूत्रं टाइप करत बसलात तर फळा कधीच पुढे गेलेला असतो.

पायरी २: विभागाकडून सॉफ्टवेअरची यादी आणा

‘इंजिनिअरिंगला भारी मशीन लागतं’ अशी मोघम वाक्यं ऐकून खरेदी करू नका. विभागात जाऊन विचारा, की कोणती सॉफ्टवेअर वापरायची आहेत, कुठल्या सेमिस्टरपासून, आणि ती कॉलेजच्या लॅबमध्ये आहेत का.

या यादीवरून पहिली निवड होते ती ऑपरेटिंग सिस्टिमची. सॉलिडवर्क्स (यंत्रभागांची रचना), रेव्हिट (इमारतींची रचना) आणि आर्कजीआयएस प्रो (नकाशे) विंडोजवरच चालतात. आराखडे काढायचं ऑटोकॅड मॅकवरही मिळतं, पण ते विंडोजच्या आवृत्तीशी तंतोतंत सारखं नाही. उलट आयफोनसाठी ॲप बनवायला शिकायचं असेल तर एक्सकोड लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं. विंडोजमध्येही आणखी एक पोटभेद आहे. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपची बॅटरी छान टिकते, पण त्यातली विंडोज एआरएम प्रकारची, म्हणजे वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरसाठी बनवलेली असते. नेहमीची बरीच सॉफ्टवेअर तिच्यावर चालतात. प्रयोगशाळेतल्या एखाद्या उपकरणाचा जुना ड्रायव्हर (उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) मात्र चालत नाही, कारण ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला असावा लागतो. अशा लॅपटॉपवर मन बसलं असेल तर विभागात आधी खात्री करून घ्या.

वाणिज्य, कला, विधी किंवा मूलभूत विज्ञानाच्या विद्यार्थ्याचं काम लिहिणं, वाचणं, स्प्रेडशीट आणि ब्राउझर यांतच संपतं. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रांचं आणि थ्रीडीचं जड काम करणारा भाग, लागत नाही. सुरुवातीच्या प्रोग्रामिंगलाही लागत नाही. मशीन लर्निंगवाल्यांना एनव्हिडियाचं कार्ड उपयोगी पडतं हे खरं, पण शिकण्यापुरतं काम गूगल कोलॅबसारख्या सेवेवर ब्राउझरमधूनच होतं. कार्डाची खरी गरज वास्तुकला, थ्रीडी ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग आणि मोठी सिम्युलेशन करणाऱ्यांना.

ऑनलाइन परीक्षांचे नियमही याच फेरीत विचारून घ्या. देखरेखीच्या सॉफ्टवेअरला बहुधा कॅमेरा आणि माइक लागतो, आणि कित्येकदा दुसरा मॉनिटर जोडलेला चालत नाही. डेस्कटॉपला कॅमेरा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो नेमका परीक्षेच्या आदल्या रात्री आठवतो.

पायरी ३: त्याच पैशांत काय पदरात पडतं ते बघा

तेवढ्याच खर्चात डेस्कटॉप जास्त काम करतो. याचं मुख्य कारण उष्णता. डेस्कटॉपचे सर्वसाधारण प्रोसेसर ६५ वॉटच्या हिशोबाने बनवलेले असतात, तर पातळ लॅपटॉपमधले १५ ते २८ वॉटच्या. लॅपटॉप थोडा वेळ जोरात पळतो, मग तापतो आणि स्वतःहून वेग कमी करतो. वर्डची फाइल उघडताना हा फरक जाणवणारही नाही. तासभराचं रेंडर (व्हिडिओ किंवा थ्रीडीचं अंतिम चित्र तयार करणं) लावलंत की लगेच जाणवेल.

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत तर नावावरच फसगत होते. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० घ्या. डेस्कटॉपच्या कार्डात १२ जीबी मेमरी आणि २०० वॉटपर्यंत वीज वापरायची मुभा. त्याच आकड्याच्या लॅपटॉप कार्डात मेमरी ८ जीबी आणि विजेची कमाल मर्यादा ११५ वॉट. शिवाय ही मर्यादा प्रत्येक कंपनी आपल्या मॉडेलप्रमाणे आणखी खाली आणू शकते. खोक्यावर एकच आकडा असलेले दोन लॅपटॉप म्हणूनच वेगवेगळ्या वेगाने चालतात. खरेदीआधी त्या विशिष्ट मॉडेलच्या तपशिलात कार्डाचे वॉट किती दिले आहेत ते शोधा.

दुरुस्तीतही डेस्कटॉप सरस. कीबोर्डवर पाणी सांडलं तर नवा कीबोर्ड जोडला की झालं. लॅपटॉपमध्ये त्याच कीबोर्डच्या खाली मदरबोर्ड असतो. रॅम वाढवणं, दुसरी एसएसडी (फाइल साठवायची डिस्क) बसवणं, पॉवर सप्लाय बदलणं ही कामं स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडा धीर असेल तर घरी होतात. पण डेस्कटॉपचा हिशोब करताना कॅबिनेटवर थांबू नका. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, कॅमेरा, हेडफोन, यूपीएस आणि मदरबोर्डवर वाय-फाय नसेल तर त्याचं कार्ड किंवा डाँगल, हे सगळं बेरजेत धरा. स्वस्तातला म्हणून धरलेला डेस्कटॉप बऱ्याचदा याच यादीत महाग होतो. घरात जुना मॉनिटर पडून असेल तर गणित पुन्हा फिरतं, हेही खरं.

पायरी ४: लॅपटॉप ठरला असेल तर

वजनापासून सुरुवात करा. जाहिरातीतल्या वजनात चार्जर धरलेला नसतो. गेमिंग लॅपटॉप अडीच किलोच्या आसपास जातो आणि त्याच्या चार्जरची वीट वेगळी. त्यात पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली. महिन्याभरात तो घरीच राहायला लागतो, आणि घरीच राहणार असेल तर लॅपटॉप घेतला कशासाठी? माझं स्पष्ट मत असं, की बहुतेक विद्यार्थ्यांसाठी गेमिंग लॅपटॉप ही सगळ्यांत वाईट तडजोड आहे. डेस्कटॉपइतका वेग नाही, हलक्या लॅपटॉपची सोय नाही, आणि शांत ग्रंथालयात पंख्याचा आवाज शेजारच्या तीन टेबलांना ऐकू जातो. रोज उचलायचं मशीन दीड किलोच्या आत असावं आणि यूएसबी-सी चार्जरवर चालावं. चार्जर विसरला तरी कुणाचा तरी मागून घेता येतो.

रॅम १६ जीबी घ्या. ८ जीबीवर आज काम भागेलही, पण शेवटच्या वर्षापर्यंत भागेलच असं नाही. आणि इथे खरी मेख अशी, की अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडून टाकलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. दुकानात मांडलेल्या मशीनवर हे मिनिटभरात तपासता येतं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, मेमरीवर क्लिक करा. खाली ‘फॉर्म फॅक्टर’ अशी एक बारीक ओळ दिसते. तिथे ‘सोडिम’ असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर आज आहे तेवढीच रॅम शेवटपर्यंत. शेजारीच किती स्लॉट वापरात आहेत तोही आकडा असतो.

एसएसडी ५१२ जीबीची पुरते. पडदा १९२० × १०८० पेक्षा कमी नको. १९२० × १२०० मिळाला तर उभी जागा थोडी वाढते आणि पानं वाचताना ती कामी येते. पडद्याचा उजेड ३०० निट्सच्या (उजेड मोजायचं एकक) पुढे असेल तर खिडकीशी बसूनही वाचता येईल.

बॅटरीचे जाहिरातीतले तास अर्धवटच खरे माना. क्षमता वॉट-तासांत किती आहे ते बघा; ५० च्या वर असेल तर साधारण ठीक. मोठ्या लॅपटॉपची बॅटरी ९९ च्या आसपासच का थांबते असा प्रश्न पडला असेल, तर त्याचं कारण विमानप्रवासात आहे: १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी परवानगीशिवाय सोबत नेता येते. लिथियम-आयन बॅटरी काही शे चार्जिंगनंतर उतरू लागते, म्हणून ती बदलून मिळते का हे विचारून ठेवा. टेबलावर सतत प्लगला लावून वापरणार असाल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय बऱ्याच कंपन्या सेटिंगमध्ये देतात. ती पहिल्याच दिवशी चालू करा.

पायरी ५: डेस्कटॉप ठरला असेल तर

यूपीएस आधी घ्या, हौसेचे दिवे मागाहून. पॉवर सप्लाय बिननावाचा नको, कारण तो जाताना इतर भागांना सोबत घेऊन जाऊ शकतो. आज वेगळं ग्राफिक्स कार्ड नको असेल तर प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे ना हे तपासा. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ असतो त्यांत ते नसतं, आणि मग कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही.

जुना डेस्कटॉप घेणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे मशीन विंडोज ११ च्या अटींत बसायला हवं: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असावं आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते. जुना लॅपटॉप बघत असाल तर त्याची बॅटरीही तपासा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport ही आज्ञा दिली की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर उरणारी क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचा खर्च भावातून वजा करायला सांगा.

पायरी ६: मधला मार्ग

खूप जणांना शेवटी हाच मानवतो: हलका, मध्यम ताकदीचा लॅपटॉप आणि खोलीत २४ इंची मॉनिटर, वेगळा कीबोर्ड, माउस. दिवसा लॅपटॉप सोबत, रात्री एक वायर जोडली की टेबलावर डेस्कटॉप तयार. मानेसाठीही हेच बरं. नुसत्या लॅपटॉपवर हात नीट ठेवले तर पडदा खाली जातो आणि पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर लटकतात. तासन्‌तास टाइप करणाऱ्याला हा ताप रोजचा. एकदम सगळ्याचं बजेट नसेल तर लॅपटॉप आता घ्या, मॉनिटर पुढच्या सेमिस्टरला. मात्र यूएसबी-सी पोर्ट चित्र बाहेर पाठवतो का, हे विचारा. सगळे पोर्ट दिसायला सारखेच असले तरी सगळे ते काम करत नाहीत. एचडीएमआय असेल तर ही काळजी नाही.

वास्तुकला किंवा ॲनिमेशनवाल्यांनी याच्या उलट जोडी करावी. घरी दणकट डेस्कटॉप, आणि कॉलेजात दाखवण्यापुरता एखादा साधा किंवा जुना लॅपटॉप. दोन्ही मिळून खर्च बहुधा एका महागड्या गेमिंग लॅपटॉपच्या जवळपास जातो आणि एक बिघडला तरी सबमिशन अडत नाही.

पायरी ७: घेण्याआधी आणि घेतल्यावर

विद्यार्थी सवलत आहे का ते बघा, आणि कॉलेजच्या ईमेलवर कोणती सॉफ्टवेअर मोफत मिळतात हेही. ऑफिसचे किंवा ऑटोडेस्कचे पैसे भरल्यावर हे कळणं फार चरचरतं. वॉरंटीत माणूस घरी येतो की मशीन सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं, अपघाती नुकसान त्यात धरलंय का, हे लेखी बघा. लॅपटॉपला अपघाती नुकसानीचं संरक्षण घेणं मला पटतं, डेस्कटॉपला नाही.

मशीन आलं की परत करण्याची मुदत संपायच्या आत त्याला दमवून घ्या. सगळे पोर्ट, कॅमेरा, माइक, प्रत्येक की. पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर मेलेले ठिपके. तासभर जड काम लावून पंख्याचा आवाज. लॅपटॉप असेल तर डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे चोरीला गेला तरी फाइली वाचता येणार नाहीत, आणि रिकव्हरी की (ती पुन्हा उघडायचा संकेतांक) त्याच लॅपटॉपमध्ये न ठेवता दुसरीकडे ठेवा. आणि बॅकअप पहिल्याच आठवड्यात सुरू करा: एक प्रत क्लाउडवर, एक बाहेरच्या डिस्कवर. बॅकअप झालाय असं मानून बसू नका; एखादी फाइल त्यातून परत काढून, उघडून बघा.