कन्सोलवरची बॅटिंग: आधी पाय, मग बॅट

बिग अँट स्टुडिओजच्या क्रिकेट गेममध्ये नवखा माणूस पहिल्याच षटकात बोल्ड होतो, तेव्हा चूक बहुतेक वेळा त्याच्या डाव्या अंगठ्याची असते. कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या दोन स्टिक असतात: डावी स्टिक म्हणजे पाय, उजवी स्टिक म्हणजे बॅट. एका बटणाच्या बॅटिंगची सवय असलेला माणूस उजवा अंगठा हलवतो, डावा विसरतो, आणि बॅट्समन जागच्या जागी उभा राहून हवेत बॅट फिरवतो. दोन स्टिकची ही कल्पना ईएच्या क्रिकेट ०७ मध्ये ‘सेंच्युरी स्टिक’ या नावाने येऊन गेली होती, पण तो गेम कीबोर्डवर खेळणाऱ्यांचा तिच्याशी कधी संबंधच आला नाही. २०१४ साली डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ ने तिच्यावरच सगळी बॅटिंग उभी केली, आणि पुढच्या गेम्सनी तीच वाट धरली. कोणतं बटण कशाला, हे आवृत्तीगणिक बदलतं. म्हणून कंट्रोल्सचं पान आधी उघडा आणि दोन स्टिकची पद्धत निवडलेली आहे ना, ते बघून घ्या.

टीव्ही आधी सुधारा

१४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. एका पॉपिंग क्रीझपासून दुसरीपर्यंतचं अंतर १७.७ मीटर. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम अर्धा सेकंद, त्यात टप्पा ओळखायचा, पाय टाकायचा आणि फटका मारायचा. टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ८०-१०० मिलिसेकंद खात असेल, तर त्या अर्ध्या सेकंदाचा पाचवा हिस्सा गेलाच.

टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. तो कन्सोल जोडलेल्या एचडीएमआय पोर्टसाठी चालू झाला आहे का तेही बघा, कारण अनेक टीव्हींवर ही निवड पोर्टपुरतीच लागू होते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि ‘नॉइज रिडक्शन’ बंद करा. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर एएलएलएम (ऑटो लो लेटन्सी मोड) चालू ठेवलं, आणि टीव्हीलाही ते येत असेल, तर गेम सुरू होताच टीव्ही आपणहून गेम मोडमध्ये जातो. ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोनवर आवाज उशिरा येतो. बॅटचा आवाज ऐकून टायमिंग जुळवणाऱ्यांची त्याने चांगलीच फसगत होते. सरावापुरता टीव्हीचाच आवाज बरा.

दोष टीव्हीचा की हाताचा, हे गेममधल्या नेट्समध्ये कळतं. एकाच वेगाचे वीस चेंडू खेळा. जवळजवळ प्रत्येक फटक्यानंतर गेमचा टायमिंगचा शेरा ‘उशिरा’ असा येत असेल तर टीव्ही तपासा. कधी लवकर, कधी उशिरा असं येत असेल तर टीव्हीला बोल लावू नका.

कॅमेरा एकच ठेवा

प्रसारणासारख्या कॅमेऱ्यात तुम्ही बोलरच्या मागून बघता आणि बॅट्समन तुमच्याकडे तोंड करून असतो. त्यामुळे उजव्या हाताच्या बॅट्समनची ऑफ साइड पडद्यावर डावीकडे येते. डावखुरा आला की सगळं उलटं. जोडीत एक उजवा आणि एक डावा असेल तर प्रत्येक एका धावेनंतर हा घोळ होतो, आणि नेमक्या त्याच वेळी लेग स्टंपवरचा सोपा चेंडू कव्हरकडे ढकलला जातो. बॅट्समनच्या मागचा कॅमेरा घेतला तर पुढे-मागेही बदलतं. कोणताही घ्या, पण सवय होईपर्यंत बदलू नका. प्रसारणाच्या कॅमेऱ्यात टप्पा चांगला दिसतो, म्हणून शिकताना तोच सोयीचा.

फक्त पाय

नेट्समध्ये एक मध्यमगती बोलर घ्या आणि पहिले तीसेक चेंडू उजव्या स्टिकला हातच लावू नका. चेंडू हातातून सुटला की फक्त ठरवायचं: पुढे की मागे. सोप्या पातळीवर टप्प्याची खूण खेळपट्टीवर दिसते. तिच्याकडे बघा, पण नजर बोलरच्या हातावरून सुरू होऊ द्या, कारण पातळी वाढवली की खुणेची मदत कमी होत जाते.

पुढच्या टप्प्याच्या चेंडूला पुढचा पाय, आखूड चेंडूला मागचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण मधल्या पट्ट्यात आहे. गुड लेंथला पुढचा पाय घ्या आणि बचाव करा. तिथे ड्राइव्ह मारायला गेलात की कड लागून स्लिपमध्ये झेल जातो. यॉर्करला फटक्याचा विचार सोडा, बचावाचं बटण धरून बॅट सरळ खाली आणा. स्पिनला अर्धवट पुढे येणं सगळ्यांत वाईट: एक तर चेंडूच्या टप्प्यापर्यंत पोचा, नाहीतर पूर्ण मागे जा.

लाइनसुद्धा डाव्या स्टिकनेच गाठायची असते. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला स्टिक नुसती पुढे नाही, तिरकी ऑफकडे ढकलावी लागते. ती सरळच ढकलली की पाय लेग स्टंपच्या रेषेत पडतो, बॅट शरीरापासून लांब जाते, आणि टायमिंग अचूक असूनही चेंडूला कड लागते. ‘टायमिंग बरोबर होतं, मग आउट कसा’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

आणखी दोन गोष्टी बिघडतात. एक, चेंडू सुटण्याआधीच स्टिक पुढे दाबून ठेवणं. पाय आधीच ठरून गेल्यामुळे बाउन्सर आला की मागे जायला वेळ उरत नाही. दुसरी, कंट्रोलरचा ड्रिफ्ट. स्टिकला हात न लावता बॅट्समन एकाच बाजूला सरकत असेल तर सरावाने काही होणार नाही. सेटिंगमध्ये डेडझोन (स्टिकची जेवढी हालचाल गेमने मोजायचीच नाही तो भाग) असेल तर तो थोडा वाढवा, नसेल तर कंट्रोलर दुरुस्तीला द्या.

मग बॅट

आता उजवी स्टिक. पहिले काही दिवस फक्त जमिनीवरून आणि फक्त ‘व्ही’मध्ये, म्हणजे मिडऑफ ते मिडऑन. चेंडू टाकण्याआधी मैदानाचा नकाशा बघा आणि स्टिक फील्डरकडे नव्हे, दोन फील्डरांच्या मधे ढकला. थोडा कोन बदलला तरी चौकार होतो किंवा थेट फील्डरच्या हातात जातो, म्हणून अंगठ्याला बारीक कोनांची सवय लागेपर्यंत कट आणि पुल बाजूला ठेवलेले बरे. उंच फटका सगळ्यांत शेवटी. मारायला सोपा वाटतो म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि डीप मिडविकेटला झेल देत बसतात.

वेगवान बोलरनंतर स्पिनर आला की ‘लवकर’ची रांग लागते. ८५ किलोमीटरचा चेंडू तेच अंतर कापायला पाऊण सेकंद घेतो, आणि अंगठा अजून अर्ध्या सेकंदाच्या तालात असतो. स्पिनरचं पहिलं षटक बचावात घालवा, ताल आपोआप बदलतो.

नवा बॅट्समन कमी आत्मविश्वासावर येतो आणि तो जसजसा वाढतो तसे फटके नीट बसू लागतात. म्हणून पहिले दहा-बारा चेंडू अडवायचे, सोडायचे, मिळाली तर एक धाव घ्यायची. ऑफबाहेरचा चेंडू सोडायला काही न दाबणं पुरतं. टी-२० मध्येही हे लागू आहे, फक्त तिथे पाच-सहा चेंडूंत भागवावं लागतं. धाव घेताना चेंडूकडे नाही, फील्डरकडे बघा: तो वाकला असेल तर धाव आहे, हात मागे गेला असेल तर नाही.

काठिण्य

जिथे बॅटिंग आणि बोलिंगची पातळी वेगळी ठेवता येते, तिथे ती वेगळीच ठेवा. बहुतेकांना बोलिंग लवकर जमते. दोन्ही एकाच पातळीवर ठेवली की प्रतिस्पर्धी ६० मध्ये गुंडाळला जातो आणि तुम्हीही ७० मध्ये. बॅटिंगची पातळी कधी वाढवायची? वीस षटकांच्या सामन्यात तुमचे निम्मे बळी झेलबाद होऊ लागले की. बोल्ड आणि पायचीत होणं थांबलं, याचा अर्थ पाय जागेवर पडतायत.

बोलिंग

वेगवान बोलरला दोन गोष्टींचं टायमिंग सांभाळायचं: उडी आणि चेंडू सोडणं. सोडायला फार उशीर झाला तर नो-बॉल, लवकर सोडला तर लाइन भरकटते. प्रत्येक चेंडूला पूर्ण जोर लावू नका, दमलेल्या बोलरचा वेग उतरतो आणि मग तोच तुम्हाला महागात पडतो. नव्या चेंडूवर सलग चार आउटस्विंगर आणि पाचवा आत येणारा, ही जुनी युक्ती गेममधल्या बॅट्समनवरही चालते. चारही चेंडू एकाच टप्प्यावर मात्र हवेत. ज्या आवृत्तीत उजवी स्टिक गोल फिरवून स्पिन द्यायचा असतो, तिथे जास्त फिरवण्याच्या भरात सोडण्याची वेळ चुकते. आधी टप्पा पक्का करा, फिरकी नंतर.

फील्ड लावताना नियम आड येतात आणि गेम फील्डर हलवू देत नाही, तेव्हा तो बग समजू नका. वनडेत पहिली १० षटकं वर्तुळाबाहेर फक्त २, ११ ते ४० मध्ये ४, शेवटच्या १० मध्ये ५. टी-२० मध्ये पहिल्या ६ षटकांत २, नंतर ५. लेग साइडला स्क्वेअरच्या मागे दोनपेक्षा जास्त कधीच नाहीत. डीआरएस मागताना चेंडूचा टप्पा बघा: लेग स्टंपबाहेर पडला असेल तर पायचीत नाहीच. पुढचं सगळं बघण्यात वेळ जातो.

संघ आणि नावं

परवान्यांच्या भानगडीमुळे सगळ्या देशांचे संघ खऱ्या नावांनी मिळत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे गेम खेळणाऱ्या इतरांनी अकॅडमीत (गेमच्या संघ आणि खेळाडू बनवण्याच्या विभागात) बनवून ठेवलेले संघ. इंटरनेट जोडा, संघाच्या नावाने शोधा, यादी डाउनलोडच्या संख्येनुसार लावा आणि वरचे दोन-तीन उघडून बघा. सगळ्यांत लोकप्रिय संघ जुना असू शकतो, म्हणून कॅप्टन आणि सलामीची जोडी तपासूनच घ्या. खेळाडूंची कौशल्यंही चाळा. चाहत्यांनी बनवलेल्या संघात अकराव्या क्रमांकाच्या बोलरलाही बॅटिंगमध्ये ऐंशी-नव्वद गुण दिलेले सापडतात, आणि मग शेवटची जोडी बाद होता होत नाही.

हे सगळं करिअर किंवा लांबलचक दौरा सुरू करण्याआधी उरकून घ्या. एकदा करिअर सुरू झालं की नंतर उतरवलेला संघ त्यात आपोआप येईल याचा भरवसा नसतो, आणि तीन मोसम खेळून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची वेळ येते.